पिकअपचे दुखणे : आधी निदान, मग पाना

बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन, बाजाराचा भाजीपाला आणि घरात कोणी आजारी पडले तर रात्री दोन वाजता तालुक्याचा दवाखाना, एवढी सगळी कामे आज आपल्या भागात पिकअप करते. पूर्वी गोठ्यात बैलजोडी असायची, आता अंगणात पिकअप उभी असते. फरक एवढाच, की बैलाने एक वेळ वैरण सोडली तर धनी लगेच जवळ जायचा. नाकपुडी कोरडी आहे का, पोट फुगलंय का, खूर दुखतोय का, हे हात लावून बघायचा. गाडीच्या बाबतीत मात्र आपण कान, नाक, डोळे तिन्ही बंद ठेवतो. गाडी आठ-आठ दिवस कण्हत असते आणि आपण गाण्याचा आवाज वाढवतो. मग एक दिवस ती भर रस्त्यात बसते आणि आपण मिस्त्रीला फोन लावतो, "अहो, अचानक बंद पडली!"

अचानक फार थोड्या गोष्टी होतात. बहुतेक दुखणी आधी सांगून येतात. ती ऐकायची कशी, एवढेच या लेखात सांगणार आहोत. हा लेख वाचून कोणी मिस्त्री व्हावे अशी आमची अपेक्षा नाही. कोणते काम घरी करायचे, कोणते गॅरेजला द्यायचे आणि कोणत्या लक्षणाला गाडी जागची हलवायची नाही, हे तीन कप्पे डोक्यात पक्के झाले तरी पुष्कळ झाले.

एका गाडीची हकीकत

आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदांची पिकअप. ब्रेक नीट लागत नाही, ही तक्रार. गॅरेजवाल्याने पुढचे ब्रेक पॅड बदलले. दोन महिन्यांत ते पुन्हा घासून गेले. पुन्हा बदलले. मग मास्टर सिलेंडर बदलला. मग पुढच्या डिस्क बदलल्या. पंधरा हजारांच्या वर खर्च झाला. त्यानंतर एका रात्री टोमॅटो भरून जाताना घाटाच्या उतारावर ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले. डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढीग होता, त्यात गाडी घुसवता आली म्हणून निभावले. शेजारच्या सीटवर त्यांचा बारावीतला मुलगा झोपलेला होता.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा दुखणे ब्रेकमध्ये नव्हतेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला प्रकार होता. खरे दुखणे कुठे होते ते पुढे ब्रेकच्या भागात सांगू. तोपर्यंत वाचकांनी आपापला अंदाज करून ठेवावा.

निदानाचे पाच प्रश्न

पाना हातात घेण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

१) हे कधीपासून होते?
२) त्याच्या आधी गाडीला कोणते काम केले होते?
३) इंजिन थंड असताना होते की गरम झाल्यावर?
४) गाडी रिकामी असताना होते की भरलेली असताना?
५) किती वेगाला, कोणत्या गिअरला, चढाला, उताराला की वळणावर होते?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच विचारायचा राहतो. आणखी एक नियम पाळावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि गाडी चालवून बघावी. चार वस्तू एकदम बदलल्या तर दुखणे कशाने गेले ते कळत नाही, आणि तीन वस्तूंचे पैसे फुकट जातात.

१) चावी फिरवली तरी गाडी चालू होत नाही

इथे कान वापरायचा. चावी फिरवल्यावर काय ऐकू येते?

(अ) टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला आणि समोरचे दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
(आ) एकच मोठा 'टक' आला आणि दिवे तसेच तेज राहिले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरींवर घ्यावा.
(इ) काहीच आवाज नाही. मग फ्यूज, चावीचा स्विच किंवा बारीक वायर बघावी. काही गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल बघावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी उणे (काळी) तार सोडावी, मग अधिक (लाल). गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनल धुवावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत, वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. जोडताना उलटे, आधी लाल, शेवटी काळी. एवढ्यानेच निम्म्या गाड्या चालू झालेल्या आम्ही बघितल्या आहेत.

गटातल्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी चार-सहा तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता इंजिन चालू करून पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर काम करतो आहे. इंजिन चालू असूनही आकडा १२ वरच अडकला तर बॅटरीचा दोष नाही, तिला चार्जच मिळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अशा वेळी नवी बॅटरी बसवली तरी तीही दोन दिवसांत उतरणार. आधी पट्टा सैल आहे का ते बघावे, मग अल्टरनेटर.

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, बोअरचे, फिल्टरचेही नको. ॲसिड तर मुळीच ओतू नये.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची झाल्यास ती १२ व्होल्टची असली पाहिजे. मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टला जोडले तर आपल्या गाडीची वायरिंग आणि कॉम्प्युटर जळतो. लाल वायर अधिकला, मग दुसऱ्या गाडीच्या अधिकला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नाही. विडी-सिगारेटही लांब ठेवावी.

२) सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचत नाही असे समजावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर डिझेलचे दुखणे राहते बाजूला आणि सेल्फ जळतो.

आधी टाकीत डिझेल आहे का बघा. हसू नका, काट्यावर विश्वास ठेवून आम्हीसुद्धा फसलो आहोत. नंतर फिल्टर. घरी बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी उतरते. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी जड, ते तळाला बसते आणि दोन थर स्पष्ट दिसतात.

डिझेल संपले किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा धरते. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की पंप मारत असतानाच स्क्रू आवळावा.

पण हे जुन्या गाडीचे झाले. कॉमन रेलच्या गाड्यांत, म्हणजे २०१७ पासून देशभर आलेल्या बी.एस. ४ आणि २०२० पासूनच्या बी.एस. ६ डिझेल पिकअपमध्ये, हातपंप मारण्यापलीकडे आपण काही करू नये. त्या इंजिनच्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो. आपल्या टायरमध्ये चार बार असतो, यावरून कल्पना यावी. पाइपला बारीक चीर पडली तर डिझेलची धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आत मात्र डिझेल बोटातून तळहातापर्यंत पसरलेले असते. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. म्हणून चालू इंजिनवर डिझेलची गळती हाताने कधीही चाचपू नये. धार लागलीच तर त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना सांगावे, "डिझेल दाबाने आत गेलंय."

३) इंजिन तापते

काटा लाल रेघेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. "दोनच किलोमीटर राहिलं होतं" या दोन किलोमीटरनी कितीतरी हेड वाकवली आहेत.

रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आत कुकरसारखा दाब असतो. शिट्टी न काढता कुकर उघडल्यावर काय होते ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. झाकण उघडले की आतले पाणी एकदम उकळून तोंडावर येते. निदान अर्धा तास थांबावे, वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवू द्यावा, मग जाड फडके टाकून हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतू नये आणि आतही एकदम भरू नये, हेडला तडा जातो.

केव्हा तापते, यावरून कारण सापडते.

उभी असताना किंवा गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्याला थंड राहते : पंखा किंवा त्याचा पट्टा बघावा.

चढाला, भरलेली असताना तापते : कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदला आहे किंवा थर्मोस्टॅट उघडत नाही.

चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, पाणी कुठे गळताना दिसत नाही तरी रोज कमी होते, झाकण काढून थंड इंजिन चालू केले तर रेडिएटरात सतत बुडबुडे येतात, किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखे ऑइल दिसते : हेड गॅस्केट गेली असण्याचा दाट संशय. गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

आपल्या भागात रेडिएटर चोंदायचे मोठे कारण म्हणजे पाचटाचा भुसा आणि धूळ. महिन्यातून एकदा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. सर्व्हिसिंगचा मोठा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या दुमडतात. आणि रेडिएटरात बोअरचे पाणी घालू नये. आंघोळीच्या बंबात क्षाराचा थर बसतो तोच इंजिनमध्ये बसतो. कूलंटच्या डब्यावर 'तयार' लिहिले असेल तर तसेच भरावे. 'पाणी मिसळा' असे असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घालावे.

४) धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला असतो. तो ठीक असेल तर टर्बोचा रबरी पाइप फाटला आहे का बघावे. वाजवीपेक्षा जास्त माल भरला तरी धूर काळा होतो.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पट्टीवरचे ऑइल दर आठवड्याला किती उतरते ते लिहून ठेवावे, मिस्त्रीला त्याचा उपयोग होतो.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटे निघाला तर काळजी नाही. इंजिन गरम झाल्यावरही निघत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर पुन्हा गॅस्केटकडे बोट जाते.

बी.एस. ६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडी रोज गाव ते शेत एवढीच फिरली तर गाळणीला काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही. दिवा लागला की कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्याला पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. दिवा दाबून टाकण्यासाठी वायर तोडणे किंवा गाळणी काढून टाकणे हा उपाय नव्हे, तो गुन्हाही आहे. ज्या गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी आहे, तिथे त्याचे द्रावण डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नये. ओतले गेलेच तर चावीसुद्धा न फिरवता गाडी ओढून न्यावी.

ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर जिथे असाल तिथे इंजिन बंद. ऑइलचा दाब गेल्यावर इंजिन जाम व्हायला काही मिनिटे पुरतात.

५) क्लच आणि गिअर

इंजिन ओरडते आणि गाडी वेग घेत नाही, करपल्याचा वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट ठीक आहे. चालूच राहिले तर घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्यास उरलेली प्लेटही जाते.

उलट, गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, रिव्हर्स पडतच नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल असेल तर ती ताणली आहे का आणि ऑइलचा क्लच असेल तर डबीतले ऑइल कमी झाले आहे का, हे बघावे. ओल्या रानातून भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर काढणे हे प्लेट जाण्याचे पहिले कारण आहे. गाडी रुतली तर माल थोडा उतरवावा. पोती पुन्हा चढवायला कष्ट पडतात, पण प्लेट स्वस्त येत नाही.

सोडता-धरताना गाडीखाली 'कट्ट' असा आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सैल झाला आहे. वेळेवर ग्रीस मारले तर तो पुष्कळ टिकतो.

६) चाके आणि स्टिअरिंग

टायर हे गाडीचे पंचांग आहे, वाचता आले पाहिजे. मध्ये जास्त झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडली. ठिकठिकाणी चट्टे पडले तर बॅलन्सिंग किंवा शॉकॲब्सॉर्बर बघावा. पुढची आणि मागची हवा वेगवेगळी असते. तिचा आकडा दाराच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी.

ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते तर बॅलन्सिंग करावे. घूं-घूं आवाज वळणावर कमी-जास्त होतो तर चाकाचे बेअरिंग. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड. यांपैकी कोणताही खेळ सापडला की गाडी गॅरेजलाच न्यावी.

चाक बसवताना नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत.

७) ब्रेक आणि पाटे

आता मघाच्या गाडीकडे येऊ. आमच्या मिस्त्रींनी त्या सभासदांना तोच दुसरा प्रश्न विचारला, "ब्रेक बिघडण्याआधी गाडीला काय केलं होतं?" बराच वेळ आठवून ते म्हणाले, "तसं काय नाय. मागं गाडी बसत होती म्हणून दोन्ही बाजूला एक-एक पाटा वाढवला."

तिथेच निदान झाले. बऱ्याच पिकअपांच्या मागच्या हाउसिंगपासून चासीपर्यंत एक लहान दांडी किंवा स्प्रिंग जाते आणि ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी रिकामी असली की चासी वर असते. मागची चाके हलकी असतात, जोरात ब्रेक लागला तर ती जाम होऊन गाडी फिरेल, म्हणून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. म्हणजे गाडीत माल किती, हे व्हॉल्व्ह पाटे किती दबले यावरूनच ओळखतो.

पाटा वाढवला, की भरलेली गाडीसुद्धा रिकाम्या गाडीइतकीच उंच राहते. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक जेमतेम लागतात आणि सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढचे पॅड दोन महिन्यांत संपतात, डिस्क तापतात. घाटात ब्रेक ऑइल इतके तापते की त्यात वाफ धरते आणि पेडल तळाला जाते. बदललेली एकही वस्तू खराब नव्हती. पाटे काढून व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे बसवल्यावर गाडी सरळ थांबू लागली.

म्हणून घाट उतरल्यावर सपाटीला थांबून लांबूनच हात धरून बघावे, हात टेकवू नये. पुढची चाके भट्टीसारखी आणि मागचे ड्रम थंडगार असतील तर मागचे ब्रेक काम करत नाहीत. ती दांडी मोडून लोंबते आहे का, हेही गाडीखाली डोकावून बघता येते.

ब्रेकची बाकीची लक्षणे अशी :

पेडल स्पंजासारखे मऊ लागते : लाइनमध्ये हवा.
पेडल दाबून धरले तर हळूहळू खाली जाते : गळती किंवा मास्टर सिलेंडर. गाडी हलवू नये.
गाडी एका बाजूला ओढते : एका चाकाचा ब्रेक जाम किंवा लायनरवर ऑइल.
किर्रर्र असा लोखंडाचा आवाज : पॅड संपले.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. डबीवर लिहिलेल्या जातीचेच घालावे. अडचणीला म्हणून इंजिन ऑइल ओतले तर आतले सगळे रबर फुगते. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. चढाला जो गिअर लागला तोच उताराला ठेवावा.

आणि मुळात पाटा वाढवायची पाळी का येते? माल जास्त भरतो म्हणून. आर.सी. बुकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. समजा कमाल २,९९० किलो आणि रिकामी १,६९० किलो. फरक १,३०० किलो. रिकाम्या वजनात माणसे धरलेली नसतात, म्हणून दोन माणसांचे १५० किलो वजा करा. राहिले १,१५०. म्हणजे डी.ए.पी.ची ५० किलोची २३ पोती. चाळीस नव्हेत. आपल्या उसाचे वजन काट्यावर किलो-किलोने भांडून घेणारे आपण, आपल्या गाडीचे वजनही एकदा काट्यावर बघावे. आणि मालाच्या हौद्यात वऱ्हाड किंवा मजूर बसवू नयेत. ते बेकायदा तर आहेच, शिवाय ब्रेक गेला त्या रात्री हौद्यात टोमॅटो होते, माणसे नव्हती, एवढे आठवावे.

८) गाडीखाली जाताना

फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकतो, दगड-वीट फुटते. लाकडाचा जाड ओंडका किंवा स्टँड लावावा, जमीन कठीण असावी, बाकीच्या चाकांना पुढे-मागे उटी लावावी, हँडब्रेक ओढलेला असावा. चावी स्वतःच्या खिशात ठेवावी, पोरांच्या हाती नको.

रविवारची दहा मिनिटे

सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून बघावे :

१) ऑइलची पट्टी. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या वर नको.
२) कूलंटची डबी.
३) ब्रेक व क्लच ऑइल.
४) बॅटरीची टर्मिनले आणि पट्टा.
५) स्टेपनीसह पाचही टायरांची हवा.
६) सगळे दिवे, विशेषतः मागचे लाल.
७) गाडी उभी होती त्या जमिनीवरचे डाग. काळा डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची समजावी आणि गाडी बाहेर काढू नये.

एक वही गाडीतच ठेवावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला काय बदलले ते लिहावे. त्या सभासदांच्या वहीत 'पाटा वाढवला' एवढे दोन शब्द असते, तर पंधरा हजार आणि ती रात्र दोन्ही वाचले असते. पिकाची वही आपण ठेवतो, ऊसबिलाच्या पावत्या जपतो, मग ज्या गाडीत आपली मुलेबाळे बसतात तिची वही का नको?

आपल्या गाडीच्या दुखण्याचे आणि ते कसे सापडले त्याचे अनुभव सभासदांनी आम्हांला जरूर कळवावेत. एकाला लागलेली ठेच दहाजणांना शहाणे करते. पुढील अंकात ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचा हूक, पिन आणि मागचे दिवे यांविषयी लिहिण्याचा विचार आहे.